पुढे ढकललं की उघडतं

रविवारी दुपारी सव्वाबारा वाजता रेडिओ केंद्रावरची निवेदिका जेवणाच्या टेबलाशी आली, त्यावर मांडलेलं, स्टुडिओतल्या माइक-गाण्यांच्या डेस्कसारखं केलेलं लाकडी डेस्क तिने नीट निरखलं आणि म्हणाली, "काम सुरेख आहे. पण हे उलटं आहे."

धाकट्याची रेडिओवरची चाचणी चार वाजता होती.

वहिनी ताटं घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. "उलटं म्हणजे? पालथं?"

"पालथं नव्हे हो. या सरकत्या पट्ट्या." निवेदिकेने माइकची पट्टी स्वतःकडे ओढली. कोपऱ्यातला लाल दिवा लागला. "ही ओढली की माइक उघडतो. आमच्याकडे पुढे ढकलली की उघडतो. ओढली की बंद."

बाबा हातातल्या फडक्याने डेस्कची कड पुसत होते. कौतुक झालं की मान खाली घालून पुसत राहायची त्यांची सवय. फडकं थांबलं.

"सगळ्याच पट्ट्या?"

"सगळ्याच."

रविवारी केंद्रावर तंत्रज्ञ नसतो. जो बोलतो त्यानेच गाणी लावायची, त्यानेच आपला माइक उघडायचा आणि मिटायचा. दोन हातांच्या माणसाला त्यात विशेष काही नाही. एका हाताने गाणं खाली आणायचं, दुसऱ्याने माइक उघडायचा. धाकट्याला उजवा हात कोपराच्या वरपासून नव्हता. फौजेत तो गाडी चालवायचा, आणि स्फोटानंतर शुद्धीवर आल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते, "गिअरचा हात तेवढा राहिला." लष्करी रुग्णालयात तो पुढे स्पीकरवरून सगळ्या वॉर्डांना सूचना वाचून दाखवू लागला. जखमी जवानांवर कार्यक्रम करायला आलेल्या निवेदिकेने तो आवाज तिथे ऐकला, आणि केंद्रसंचालकांच्या मागे लागून तिने त्याला ही तासाभराची थेट चाचणी मिळवून दिली. संचालकांची अट एकच होती. डेस्क त्याने स्वतः चालवायचं, मदतीला कोणी बसणार नाही.

त्यावरचा उपाय बाबांनी शोधला होता. माइकच्या पट्टीवर डावा अंगठा, गाण्याच्या पट्टीवर करंगळी, आणि मनगट किल्लीसारखं फिरवायचं. अंगठा अंगाकडे येतो, माइक उघडतो. करंगळी लांब जाते, गाणं मिटतं. एकाच हाताचं एकच वळण. सरावासाठी बाबांनी हे डेस्क बनवलं, आणि तेव्हापासून घरातली माणसं मांडीवर ताट घेऊन जेवत होती.

"आपण तिथे गेलो होतो ना," बाबा सावकाश म्हणाले. ते कोणाशी बोलत होते ते कळत नव्हतं. "मॅडमनी आपल्याला समोर बसवलं होतं. पाहुण्यांच्या खुर्चीत. त्या पट्टी ढकलायच्या ती माझ्या अंगावर यायची."

"अगदी बरोबर," निवेदिका म्हणाली. चूक सापडली याचा तिला आनंद झाला होता. तो दाखवायला नको होता हे तिला उशिरा कळलं.

"डावं-उजवं मी बदलून घेतलं. घरी आल्यावर लक्षात आलं होतं, त्यांचं उजवं ते समोरून आपलं डावं. ते बदललं. पुढचं-मागचं राहिलं."

"मग टेबलच फिरवा ना," वहिनी म्हणाली. "भाऊजी पलीकडून बसतील."

निवेदिकेने डोळे मिटून हवेत बोटं हलवली. "नाही जमायचं. मग माइक करंगळीखाली जातो. तिथे तो अंगठ्याखाली आहे."

वहिनीने मान तिरकी करून डेस्क पाहिलं. "म्हणजे बाबांनी निम्मं दुरुस्त केलं नसतं, तर आत्ता नुसतं टेबल फिरवून भागलं असतं?"

"तू ताटं वाढ," आई म्हणाली.

तेव्हा धाकटा पहिल्यांदा बोलला. "मला माहीत होतं."

सगळे त्याच्याकडे वळले.

"पहिल्या दिवसापासून. म्हटलं, आधी एक दिशा हातात बसू दे. मग फिरवू. तसं सोपं जातं, बाबा. फौजेत आम्हाला असंच शिकवायचे."

दादा खिडकीपाशी उभा होता. या भावाला तो त्याच्या जन्मापासून ओळखत होता. खोटं बोलताना धाकटा उजव्या हाताने मान खाजवायचा. बागेतल्या फुटलेल्या काचेच्या वेळी, परीक्षेच्या निकालाच्या वेळी, फौजेत नाव घालून आला आणि "अजून नक्की नाही" म्हणाला त्या वेळी. आता हात नव्हता. रिकामी बाही तेवढी खांद्यापाशी हलली आणि पुन्हा खाली पडली.

दादाने बाबांकडे पाहिलं. बाबांनीही बाही हललेली पाहिली होती.

"असं होय," बाबा म्हणाले. "मग ठीक आहे." आणि फडक्याची घडी घालून ते मागच्या खोलीत गेले.

जेवताना पाहुणीसमोर कोणी आवाज चढवला नाही, पण बोलायचं ते सगळं बोलून झालं.

"कशाला ताणायचं मग?" आई म्हणाली. "उद्या नऊला गोदामात हजर व्हायचंच आहे. दादाने चार माणसांना भेटून ती जागा धरून ठेवलीय. बसून काम, वेळेवर घरी. याच्यात काय वाईट आहे ते मला कोणीतरी सांगा."

"वाईट काहीच नाही, आई."

"मग?"

"मला मोटारीचे सुटे भाग मोजायचे नाहीत."

"रेडिओवर तरी काय करणार? हवामान सांगणार. पाऊस पडणार की नाही ते खिडकीतून मलाही दिसतं."

निवेदिका हसली, आणि तिच्या पाठोपाठ धाकटाही. आईला स्वतःच्या बोलण्यावर कोणी हसलेलं एरवी आवडायचं. आज आवडलं नाही.

"मॅडम, तुम्ही खरं सांगा," दादा म्हणाला. "आत्ता, या घडीला, तिथे जाऊन बसला तर काय होईल?"

निवेदिकेने घास संपवला. एक तास हातात असो की अर्धं मिनिट, ती घाई करत नसे. "सवयीने मनगट फिरवेल. बोलायला लागेल तेव्हा माइक बंद असेल आणि गाणं मोठं होईल. लोकांना वाटेल रेडिओ बिघडला."

"आणि संचालकांना?"

"त्यांना कळेल काय बिघडलंय ते."

"म्हणजे सगळ्या शहरासमोर," दादा म्हणाला.

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. गोदामाची जागा आणल्यापासून ती त्याच्या बाजूने होती, निदान त्याच्या विरुद्ध नव्हती. पण "सगळ्या शहरासमोर" म्हणताना त्याचा आवाज जरा चिरकला आणि तिला एक गोष्ट कळली. याला त्या जागेचं काही पडलेलं नाही. हा घाबरलाय. फौजेतून फोन आला तो यानेच घेतला होता, आणि त्यानंतर कितीतरी दिवस घरातला फोन वाजला की हा खोलीतून उठून जायचा.

"चारला अजून बराच वेळ आहे," ती म्हणाली. "भाऊजी, जेवण आटपा. मी भांडी नंतर घासते."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?" दादाने हळूच विचारलं.

"भांड्यांच्या," ती म्हणाली.

मागच्या खोलीत बाबांनी, पट्टी ढकलल्यावर दिवा लागावा म्हणून, त्याच्या तारा काढून पुन्हा जोडायला घेतल्या होत्या. डेस्कचा खालचा तक्ता त्यांनी सोडवून आणला होता. जन्मभर त्यांनी कपाटं आणि कप्प्यांची टेबलं केली. कुठलीही सरकणारी वस्तू त्यांच्या लेखी ओढायची असायची. ओढलं की उघडतं. त्या दिवशी केंद्रावर पट्टी आपल्याकडे येताना दिसली तेव्हा त्यांच्या मनात शंकाच आली नाही, कारण ते अगदी बरोबर दिसत होतं.

दादा दारात येऊन उभा राहिला.

"तुला वाटतं ना, मी त्याचं वाटोळं केलं?" बाबा मान वर न करता म्हणाले.

"मी असं म्हटलं का?"

"तू उभा तसा आहेस."

दादा खाली बसला आणि त्याने तक्त्याचं दुसरं टोक धरलं. "बाबा, खरं सांगू? मला ते डेस्क बघून बरं वाटायचं. तुम्ही इतके दिवस त्याच्याशी बोलत नव्हता. फौजेत गेला तेव्हापासून. आणि हे आल्यापासून दोघांचं दिवसभर चाललेलं असतं, ओढ, मीट, ओढ, मीट."

"बोलत होतो मी."

"'भात वाढ' हे बोलणं नव्हे."

बाबांनी पेचकस फिरवला. दिव्याची तार जागेवर बसली. "त्याला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं."

"माझ्यासाठी म्हणाला."

"हो."

"मग आता त्याच्यासमोर आपल्याला ते खरं मानावं लागणार."

"लागणार," दादा म्हणाला, आणि दोघांनी तक्ता उचलला.

टेबल पुन्हा लागलं तेव्हा धाकटा हात मोकळा करत उभा होता. निवेदिका पलीकडच्या खुर्चीत बसणार होती. वहिनीने तिला हाताला धरून अलीकडे आणलं. "समोर कोणी बसायचं नाही," ती म्हणाली. "समोरून बघूनच हे झालंय."

वहिनीने गाणं म्हणायचं आणि दिवा लागला की थांबायचं, असा सराव होता. पहिल्या खेपेला मनगट जुन्या बाजूला फिरलं. दिवा लागला नाही, वहिनीचं गाणं चालू राहिलं. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्याला जमलं, चौथ्याला त्याने विचार केला म्हणून उशीर झाला.

"विचार करायचा नाही," निवेदिका म्हणाली. "विचार केला की ऐकू येतं."

"हाताला कसं सांगू, मॅडम? गाडी चालवताना कोणी म्हणालं असतं, आजपासून ब्रेक म्हणजे ॲक्सिलेटर, तर?"

"तर मी उतरले असते," वहिनी म्हणाली. "गाऊ का पुन्हा? घसा बसला तर माझी चाचणी कोण घेणार?"

आणखी काही खेपा झाल्या. निम्म्या जमल्या, निम्म्या फसल्या. धाकट्याने हात पाठीमागे नेला, तो घट्ट मिटला होता. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ती पुढे आली नाही आणि आतही गेली नाही.

तेव्हा बाबा त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्यांनी त्याचा हात पाठीमागून काढला, पट्ट्यांवर ठेवला आणि वर आपला हात ठेवला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "ते जाऊ दे. तुला माहीत होतं म्हणालास, ठीक. पण शिकवलं मी, आणि शिकवताना तुला सांगितलं, कप्पा समज. आठवतं?"

"हो."

"कप्पा विसर. दार समज. आपल्या घराचं दार बाहेर उघडतं. बाहेर जायचंय, तर काय करतोस?"

"ढकलतो."

"ढकललं की उघडतं. अंगठा दारावर. गाणं आत राहतं, तू बाहेर जातोस." त्यांनी दोघांचं मनगट एकदम फिरवलं. दिवा लागला. "दार."

"दार," धाकटा म्हणाला.

बाबांनी हात काढून घेतला. पुढच्या खेपेला दिवा लागला. त्याच्या पुढच्या खेपेलाही. त्यानंतरची एक चुकली. मग निवेदिकेने घड्याळ पाहिलं आणि पर्स उचलली.

गाडीत जागा होती. "चला, बाबा," धाकटा म्हणाला.

"मी तिथे समोर बसलो की मला परत उलटं दिसेल," बाबा म्हणाले. "मी इथून ऐकतो."

आई बाहेर येऊन त्याच्या शर्टाची कॉलर सरळ करू लागली.

"रेडिओवर दिसत नाही, आई."

"मला दिसते ना," ती म्हणाली.

चारच्या बातम्या संपल्या. रेडिओ त्यांनी डेस्कच्या मधोमध ठेवला होता, आणि चौघं टेबलाभोवती ज्याच्या त्याच्या जागेवर बसली होती. आईची खुर्ची दाराजवळ होती. कार्यक्रमाची धून सुरू झाली. ती उतरायला हवी होती. उतरली नाही. उलट एकदम मोठी झाली, इतकी की वहिनीने कानावर हात नेला.

"अंगाकडे घेतली," बाबा पुटपुटले. त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवर दाबलेला होता.

धून झपकन खाली गेली. क्षणभर काहीच नव्हतं. मग त्याचा आवाज आला.

"नमस्कार. धून जरा जास्तच आवडली मला, म्हणून मोठी केली. आता माझं ऐका."

वहिनी खळखळून हसली. दादाने इतका वेळ धरलेला श्वास सोडला आणि कोणी पाहिलं का ते बघितलं. पहिलं गाणं लागलं, उतरलं, आवाज वेळेवर आला. दुसरंही तसंच. तो हवामान सांगत होता, रस्त्याच्या कामामुळे कुठली वाहतूक वळवली ते सांगत होता, आणि रुग्णालयातल्या एका वॉर्डातल्या माणसांसाठी गाणं लावत होता, "ज्यांना आज उठून बसायचंय आणि ज्यांना मुळीच उठायचं नाही, त्या दोघांसाठी."

"हे त्याने लिहून नेलं होतं?" आईने विचारलं.

"नाही," दादा म्हणाला.

त्यांच्यासाठीचं ते तिसरं गाणं सुरू झालं. कडवं लागलं आणि त्या गाण्याखालून, अगदी जवळून, कोणीतरी बोलताना ऐकू आलं.

"कप्पा नाही. दार. ढकललं की उघडतं. कप्पा नाही, बाबा म्हणाले ना, दार. बरोबर. दार."

चौघंही हलली नाहीत.

"माइक उघडाच आहे," वहिनी कुजबुजली.

"दार. आता पुढचं गाणं, ते करंगळीला. एवढं जमलं तर आईला..." इथे तो थांबला. बहुधा त्याला दिवा दिसला होता. गाणं खाली आलं.

"श्रोतेहो," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात हसू होतं, "तुम्ही आत्ता जे ऐकलंत ते कार्यक्रमात नव्हतं. मला एकच हात आहे आणि आज दुपारपर्यंत तो उलट्या दिशेने शिकलेला होता. माझ्या वडिलांनी जेवणाच्या टेबलावर तो सुलटा केला. अजून पूर्ण झाला नाही, हे तुम्हाला कळलंच. गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावतो. दार लावून घेतो."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तो आधीही स्वच्छ होता.

"आईला काय?" आई म्हणाली. "एवढं जमलं तर आईला काय?"

दादा उठला आणि बाहेरच्या खोलीत गेला. वहिनीला वाटलं, रडायला गेला. थोड्या वेळाने आत आला तेव्हा त्याचे डोळे कोरडे होते. तो येऊन बसला आणि कार्यक्रम संपेपर्यंत ऐकत राहिला.

धाकटा साडेसहाला घरी आला. निवेदिका त्याला दारापर्यंत सोडून गेली, आत आली नाही.

"काय म्हणाले संचालक?" बाबांनी विचारलं.

"घरी ऐकत होते. फोन केला त्यांनी. म्हणाले, कळवतो."

"बास?"

"'कळवतो' म्हणाले, बाबा. 'माइक उघडा ठेवणं ही साधी चूक नाही' असंही म्हणाले. मग म्हणाले, त्यांच्या बायकोने रुग्णालयाचं गाणं दुसऱ्यांदा ऐकताना स्वयंपाक करपवला. यातलं चांगलं काय आणि वाईट काय ते मॅडमनाही कळलं नाही."

तो दादासमोर जाऊन बसला. ही वेळ त्याने वाटेत येतानाच ठरवली असावी.

"दादा, उद्या मी गोदामात येणार नाही. इकडचं काय होईल ठाऊक नाही. नाहीच झालं तर दुसरं केंद्र बघेन. तू त्या माणसांकडे शब्द टाकला होतास, मला कळतंय."

"मी फोन केला त्यांना," दादा म्हणाला.

"काय म्हणून?"

"तू येणार नाहीस म्हणून."

"कधी केलास?"

"तू दार दार म्हणालास, त्यानंतर लगेच."

आईने हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं. "वा! म्हणजे तुम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलंत. मला कोणी विचारलं? उद्या ते केंद्रवाले नाही म्हणाले तर काय करायचं, याचा विचार केलाय कोणी?"

केला नव्हता.

"आई," धाकटा म्हणाला, "तू ऐकलंस का?"

"ऐकलं. हवामान चुकीचं सांगितलंस. ढग कुठे आहेत?" तिने पातेलं पुन्हा उचललं. "आणि मला काय करणार होतास, जमलं तर?"

"सांगत नाही. जमलं तर करेन."

मग तिने वहिनीला टेबल मोकळं करायला सांगितलं, पण वहिनी डेस्कपाशी गेली तशी ती म्हणाली, "राहू दे. आजही मांडीवरच घेऊ."

सोमवारी नऊ वाजता गोदामातली खुर्ची रिकामी होती. धाकटा टेबलाशी बसून सराव करत होता. लाल दिवा लागत होता, विझत होता. पावणेदहाला फोन वाजला. दादा खोलीत होता. तो उठून गेला नाही, पण फोन बाबांनीच घेतला.

पलीकडे केंद्राचा तंत्रज्ञ होता. रविवारची सुटी संपवून तो नुकताच कामावर आला होता. त्याने विचारलं, डेस्कवरच्या पट्ट्या बसवून घ्यायच्या आहेत, तुमच्या मुलाचा अंगठा आणि करंगळी ताणली तर मधलं अंतर किती?

"त्याची वीत माझ्या वितीपेक्षा बोटभर जास्त," बाबा म्हणाले.

तंत्रज्ञ म्हणाला, मला तुमची वीत माहीत नाही.

बाबांनी खिशातली फुटपट्टी न काढता माप सांगितलं. तंत्रज्ञाने ते एकदा पुन्हा म्हणून दाखवलं, बरं म्हणाला आणि फोन ठेवला. हे विचारायला त्याला कोणी सांगितलं होतं, ते तो बोलला नाही.